पंडिता रमाबाईंची आशा आणि आपण

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)

आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपल्यापैकी काहींच्या भुवया उंचावल्या असतील. दुःखाच्या काळात ख्रिस्ती श्रद्धेतून माणसाला आशा कशी मिळते, हा प्रश्न आपल्या अभ्यासवर्गात सहसा निघत नाही. आपण येथे जमीनधारणेवर बोलतो, मजुरीच्या दरावर बोलतो, पाण्याच्या वाटपावर बोलतो. धर्माविषयी बोललोच तर तो शोषणाचे हत्यार कसा होतो एवढेच बोलतो. आणि त्या बोलण्यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. परंतु एका प्रश्नाने मला गेली काही वर्षे स्वस्थ बसू दिलेले नाही. तो आपल्यापुढे मांडण्याची परवानगी घेतो.

चार वर्षांपूर्वी माझी पत्नी वारली. आजार लांबला होता, तरी मृत्यू आला तेव्हा तो अकस्मातच वाटला. आपल्यापैकी अनेक जण त्या दिवशी आले होते. शोकसभा झाली. तिच्या कार्याचा गौरव झाला, तिच्या जाण्याने कधीही भरून न येणारी पोकळी निर्माण झाली असे वक्त्यांनी सांगितले. मीही आजवर शेकडो शोकसभांत हेच वाक्य उच्चारले आहे. त्या दिवशी मात्र ते ऐकताना माझ्या ध्यानात आले की, त्या वाक्याच्या पुढे आपल्याजवळ काहीच नाही. पोकळी आहे हे सांगून आपण उठतो आणि चपला शोधू लागतो. तेराव्या दिवसानंतर माझ्या घरी कोणी आले नाही. मी कोणाला दोष देत नाही. मीही कोणाकडे गेलेलो नाही.

आल्या त्या आमच्या चाळीतल्या एक ख्रिस्ती बाई. नगर जिल्ह्यातले त्यांचे घराणे, दुष्काळाच्या दिवसांत आजोबा-पणजोबांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारलेला, त्या स्वतः निवृत्त परिचारिका. त्यांचा तरुण मुलगा अपघातात गेलेला. त्या रोज संध्याकाळी येत, चहा टाकीत आणि बसून राहत. पाच-सहा दिवसांनी त्या मला म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही मानत नाही हे मला ठाऊक आहे. मी दोन शब्द प्रार्थना केली तर चालेल का? तुम्ही नुसते बसा." मी नुसता बसलो. पुढे एकदा धीर करून मी त्यांना विचारले, "तुमचा मुलगा का गेला, याचे उत्तर तुम्हाला मिळाले का?" त्या म्हणाल्या, "उत्तर अजून नाही मिळालं. पण तो प्रभू सोबत आहे एवढं कळलं, आणि मग सकाळी उठून चूल पेटवता आली."

मित्रहो, मी तेव्हा श्रद्धाळू नव्हतो, आजही नाही. पण त्या बाईंपाशी असे काही होते की जे माझ्यापाशी नव्हते, आणि ते काय होते हे समजून घेणे मला माझे कर्तव्य वाटू लागले. म्हणून मी पंडिता रमाबाईंकडे वळलो. दुःखाचा एवढा मोठा वाटा आणि आशेचा एवढा मोठा संसार एकाच आयुष्यात सामावल्याचे दुसरे उदाहरण महाराष्ट्राच्या अर्वाचीन इतिहासात मला तरी आढळले नाही.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे संस्कृतचे मोठे विद्वान; आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, त्यांनी संस्कृत शिकवले आणि त्यापायी स्वजातीयांचा रोष पत्करला. हे कुटुंब तीर्थयात्रा करीत, पुराणे सांगत देशभर हिंडत असे. जवळचे धन व्रतवैकल्यांत आणि दानधर्मात संपले. पुढे १८७० नंतरच्या दशकात दक्षिणेत दुष्काळ पडला, तेव्हा या कुटुंबापाशी विद्या होती, प्रतिष्ठा होती आणि अन्न नव्हते. अंगमेहनतीचे काम करण्याचे शिक्षण मिळालेले नव्हते आणि भीक मागण्याची लाज वाटत होती. काही महिन्यांच्या अवधीत वडील गेले, आई गेली, थोरली बहीण गेली. आजारी आईसाठी बाजरीच्या भाकरीचा तुकडा मागायला ही मुलगी एका घराच्या दारात उभी राहिली आणि तिच्या तोंडून शब्द फुटेना. आईच्या तिरडीला खांदा द्यायला पुरेशी माणसे मिळेनात, तेव्हा ती स्वतः पुढे झाली. उंची कमी पडली म्हणून तिने तिरडीचा भार डोक्यावर घेतला.

त्यानंतर बहीण-भाऊ हजारो मैल पायी चालले. झेलमच्या काठी थंडीपासून जीव वाचवण्यासाठी वाळूत खड्डे करून, मानेपर्यंत वाळू ओढून त्यांनी रात्री काढल्या. १८७८ मध्ये ती दोघे कलकत्त्याला पोहोचली. तेथे रमाबाईंच्या विद्वत्तेचा गौरव झाला, 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या मिळाल्या. १८८० मध्ये भाऊ श्रीनिवास वारला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी त्यांनी जातीबाहेर, नोंदणी पद्धतीने विवाह केला. १८८१ मध्ये मुलगी मनोरमा जन्मली आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने पती गेले. वयाची चोवीस वर्षे पुरी होण्याआधी या बाईने आई, वडील, बहीण, भाऊ आणि पती अशी पाच माणसे गमावली होती.

येथे एक गोष्ट आपण लक्षात घेतली पाहिजे. या दुःखाने रमाबाईंना प्रथम श्रद्धा दिली नाही. असलेली श्रद्धा काढून घेतली. सगळी व्रते केली, सगळे जप केले, तरी देव पावला नाही, हा अनुभव त्यांनी १९०७ साली लिहिलेल्या आपल्या छोट्या इंग्रजी आत्मनिवेदनात कोणताही आडपडदा न ठेवता सांगितला आहे. पुढे धर्मशास्त्रे वाचताना त्यांना असे दिसून आले की, ग्रंथाग्रंथांत हजार बाबतींत मतभेद असले तरी स्त्रिया आणि शूद्र यांना हीन लेखण्यात सर्वांचे एकमत आहे. म्हणजे आपण ज्या प्रश्नापाशी येऊन उभे राहतो, त्या प्रश्नापाशी ही बाई आपल्या कितीतरी आधी, आणि आपल्यापेक्षा कितीतरी अधिक किंमत मोजून, येऊन उभी राहिली होती.

१८८२ मध्ये त्या पुण्याला आल्या. आर्य महिला समाज स्थापन केला, 'स्त्रीधर्मनीति' लिहिले, हंटर शिक्षण आयोगापुढे साक्ष देऊन स्त्री-शिक्षिका आणि स्त्री-डॉक्टर यांची मागणी केली. वैद्यकीचे शिक्षण घ्यावे या हेतूने १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या. तेथे वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या आश्रमात राहिल्या. लंडनमध्ये फुलम येथे या भगिनींचे जे काम चाले ते त्यांनी पाहिले. समाजाने 'पतित' म्हणून टाकून दिलेल्या स्त्रियांना तेथे आसरा मिळत होता, काम मिळत होते, माणूस म्हणून वागणूक मिळत होती. आपल्याकडे अशा स्त्रीला गावकुसाबाहेर घालवण्याचे शास्त्र होते. तिला जवळ घेण्याचे शास्त्र या लोकांना कोठून मिळाले, असा प्रश्न रमाबाईंनी विचारला. त्यांना उत्तरादाखल योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी स्त्रीची कथा दाखवण्यात आली. पाच नवरे झालेल्या, परक्या आणि तुच्छ मानलेल्या जमातीतल्या त्या बाईशी येशू विहिरीवर बोलतो, तिच्या हातचे पाणी मागतो. २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. त्याच्या थोडेच आधी, त्यांच्याबरोबर इंग्लंडला आलेल्या आनंदीबाई भगत यांनी आत्महत्या केली होती. म्हणजे तो काळही सुखाचा नव्हता.

या धर्मांतराने महाराष्ट्रात वादळ उठले. महात्मा फुले यांनी मात्र १८८५ च्या 'सत्सार'मध्ये रमाबाईंची बाजू घेतली, हे आपण विसरता कामा नये.

धर्मांतर करून रमाबाई कोणाच्या अंकित झाल्या काय? त्यांचा पत्रव्यवहार वाचलेला माणूस असे म्हणणार नाही. हा पत्रव्यवहार १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य-संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केला, आणि तो संपादित केला अ. भि. शहा यांच्यासारख्या कट्टर इहवादी विचारवंताने, ही गोष्ट पुष्कळ काही सांगून जाते. बिशपांनी आणि आश्रमातील गुरुभगिनींनी सांगितलेला प्रत्येक सिद्धान्त त्यांनी तपासला, अनेकांशी वाद घातला. एका पुरोहितशाहीचे जोखड मोठ्या कष्टाने टाकले ते दुसरे जोखड मानेवर घेण्यासाठी नव्हे, अशी त्यांची भूमिका होती. आणखी एक गोष्ट त्यांनी प्रामाणिकपणे नोंदवली आहे. बाप्तिस्म्याने बुद्धीचे समाधान झाले, पण मनाला शांती लाभली नाही. ती लाभायला आणखी जवळजवळ आठ वर्षे जावी लागली. श्रद्धा म्हणजे दुःखावरचा तत्काळ गुण देणारा काढा, अशी आपली जी समजूत असते ती या नोंदीपुढे टिकत नाही. आशा त्यांना आयती मिळालेली नव्हती.

आणि ती आशा दिसली कशात? त्यांनी जे उभे केले त्यात. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले आणि पुढल्याच वर्षी ते पुण्याला आले. बालविधवांना तेथे शिक्षण मिळू लागले. गोदूबाई, म्हणजे पुढे महर्षी कर्वे यांच्या पत्नी झालेल्या आनंदीबाई, याच सदनाच्या विद्यार्थिनी. १८९६-९७ चा दुष्काळ पडला तेव्हा रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे तीनशे मुली व स्त्रिया घेऊन परतल्या. या कामाला त्यांच्यामागे स्वतःच्या पोटातली भूक होती. दारात उभी राहून जिच्या तोंडून शब्द फुटत नव्हता, ती मुलगी त्यांना त्या प्रत्येक चेहऱ्यात दिसली असली पाहिजे, असे मला वाटते. पुण्यात प्लेग आला, म्हणून मुलींना केडगावच्या माळावर नेले. तेथे मुक्ती सदन उभे राहिले. विहिरी खणल्या, शेती केली, विणकाम, शिवणकाम आणि छापखान्याचे काम मुली शिकल्या. मनोरमाबाईंनी ब्रेल लिपी शिकून घेऊन अंध मुलींची शाळा चालवली. 'पतित' ठरवलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन उघडले. १९०० च्या दुष्काळात गुजरातमधून आणखी मुली आल्या आणि वस्ती दोन हजारांच्या आसपास गेली.

अन्यायापुढे गप्प बसायला या श्रद्धेने शिकवले काय? १८९७ च्या प्लेगमध्ये सरकारी व्यवस्थेत स्त्रियांची जी विटंबना होत होती, तिच्याविरुद्ध रमाबाईंनी वृत्तपत्रात उघड पत्र लिहिले, आणि त्यामुळे मुंबई सरकारला विलायतेपर्यंत जाब द्यावा लागला. राज्यकर्त्यांचा धर्म आणि त्यांचा धर्म एकच होता. तरी त्यांनी राज्यकर्त्यांची भीड धरली नाही.

मी येथे केवळ गौरव करायला उभा नाही. रमाबाईंच्या कार्याला मर्यादा होत्या. शारदा सदनातल्या मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव पडतो या कारणावरून १८९३ मध्ये रानडे-भांडारकरांसारखे सुधारक सल्लागार मंडळातून बाहेर पडले. 'केसरी'ने तर तोफच डागली. त्या टीकेत सनातन्यांचा कांगावा होता तसा एक खरा प्रश्नही होता. निराधार मुलीला आसरा देणारा हात जेव्हा तिला धर्मही देतो, तेव्हा तिची निवड कितपत मोकळी राहते? हा प्रश्न आजही प्रत्येक धर्माच्या सेवाकार्याला विचारला पाहिजे. शिवाय नंतरच्या काळात रमाबाई सार्वजनिक चळवळींपासून दूर गेल्या. दुष्काळातून मुली उचलून आणणे निराळे आणि दुष्काळात कोणी उपाशी मरणार नाही अशी व्यवस्था करणे निराळे. ते दुसरे काम पुढल्या पिढ्यांनी केले. १९७२ च्या दुष्काळात मजुरांचे मोर्चे निघाले, रोजगार हमीची योजना व्यापक झाली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. हाताला काम हा कायद्याने हक्क ठरला. आपली आशा ही अशा हक्कांत आहे, आणि ती सोडण्याचे मला काहीच कारण दिसत नाही.

पण मित्रहो, कायदा मजुरी देईल, तिरडीला खांदा देईल काय? न्याय्य समाजातही मुले अपघातात जातील, बायका आजाराने जातील. त्या समाजातला माणूस रात्री दोन वाजता भिंतीकडे पाहत बसेल, तेव्हा त्याला आपण काय देणार आहोत?

रमाबाईंना हा प्रश्न अखेरच्या वर्षी पुन्हा एकदा सोडवावा लागला. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमा मिरजेला वारली. जिच्या हाती मुक्ती सदन सोपवायचे ती एकुलती एक लेक, वय अवघे चाळीस. रमाबाई त्या वेळी बायबलच्या मराठी भाषांतरात गुंतल्या होत्या. त्यासाठी त्यांनी हिब्रू आणि ग्रीक या भाषा शिकून घेतल्या होत्या. संस्कृतात पदव्या मिळवलेल्या या पंडितेने संस्कृतप्रचुर मराठी कटाक्षाने टाळली, कारण हे पुस्तक अल्पशिक्षित बाईला वाचून कळले पाहिजे असा त्यांचा आग्रह होता. मुलगी गेल्यावरही हे काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या निवर्तल्या. पूर्ण बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले.

हे बळ कोठून आले, ते समजण्यासाठी मी त्यांच्याच श्रद्धेच्या ग्रंथाकडे गेलो. मला वाटले होते की तेथे 'रडू नका, सर्व काही चांगल्यासाठीच होते' असा उपदेश असेल. तसे मला दिसले नाही. लाजाराच्या कबरीपाशी येशू स्वतः रडतो. स्तोत्रांत देवाला जाब विचारणारे आक्रोश आहेत. इयोबाचे मित्र त्याला दुःखाची कारणे समजावून सांगू लागतात, आणि अखेर देव त्या मित्रांवरच रागावतो. आणि सर्वांच्या मध्यभागी क्रूस आहे. देव सिंहासनावर बसून दुःखाचा हिशेब ठेवीत नाही, तो अन्यायाने मारल्या गेलेल्या माणसाच्या जागी जाऊन उभा राहतो, अशी ती कल्पना आहे. पुनरुत्थान त्याच्या पुढचे. मृत्यूला अखेरचा शब्द बोलू द्यायचा नाही, असा त्याचा अर्थ श्रद्धावंत घेतो. मला पुनरुत्थानावर विश्वास ठेवता येत नाही, हे मी आमच्या शेजारीणबाईंनाही सांगितले आहे. परंतु ज्याला तो ठेवता येतो त्याच्या आशेला भाबडेपणा म्हणण्याचे धाडस आता माझ्याने होत नाही.

धर्म ही अफूची गोळी आहे, हे मार्क्सचे वचन आपल्याला पाठ असते. त्याच परिच्छेदात त्याने धर्माला पीडितांचा उसासाही म्हटले आहे, याचा मात्र आपल्याला सोयिस्कर विसर पडतो. माझ्या मते श्रद्धेची कसोटी साधी आहे. ती माणसाला खाली बसवते की उभे करते? रमाबाईंना तिने उभे केले, माझ्या शेजारीणबाईंना उभे केले. याच बाईंचे पूर्वज अस्पृश्य होते. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशान्वये अनुसूचित जातींच्या सवलती धर्मांतरित ख्रिश्चनांना मिळत नाहीत; शिखांना १९५६ पासून आणि बौद्धांना १९९० पासून त्या मिळाल्या. पुस्तकात जात गेली, वस्तीत ती राहिली. या अन्यायाविरुद्धच्या मोर्चात या बाई सत्तरीच्या वयात चालत जातात. प्रार्थना करणारा माणूस मोर्चाला येत नाही, हा आपला सिद्धान्त त्यांनी माझ्यापुरता तरी खोटा ठरवला आहे.

आपण काय घ्यायचे? श्रद्धा उसनी घेता येत नाही. घ्यायची तर सवय घेता येईल. आपली आशा आपण निवडणुकीच्या निकालाला, चळवळीच्या यशाला बांधून टाकली आहे. म्हणून दोन पराभव झाले की आपला कार्यकर्ता घरी बसतो. यश मिळेल असा अंदाज बांधणे हा हिशेब झाला, आणि हिशेब चुकला की तो संपतो. रमाबाईंची आशा हिशेबावर उभी नव्हती. मनोरमेच्या मृत्यूनंतर कोणत्याही हिशेबाने त्या बायबलची पुढची मुद्रिते तपासायला बसल्या नसत्या.

दुसरी सवय सोबतीची. ख्रिस्ती मंडळीत कोणाच्या घरी दुःख झाले तर आठवडेच्या आठवडे तेथे माणसे जात राहतात, हे मी माझ्या चाळीत पाहिले. आपल्यात ठराव संमत होतो, दोन मिनिटे स्तब्ध उभे राहतो आणि पुढच्या विषयाला लागतो.

म्हणून माझी एक लहानशी सूचना आहे. प्रत्येक शाखेने गेल्या वर्षभरात ज्या सहकाऱ्यांच्या घरी मृत्यू झाला त्यांची यादी करावी, आणि तेरावा उलटल्यानंतर त्या घरी जाण्याची पाळी लावावी. गेल्यावर भाषण करू नये. चहा करता येत असेल तर करावा, नाहीतर नुसते बसावे. त्या घरात प्रार्थना होत असेल तर तेवढा वेळ मान खाली घालून थांबावे.

त्या बाईंच्या मुलाची पुण्यतिथी पुढल्या आठवड्यात आहे. मी संध्याकाळी त्यांच्याकडे जाणार आहे. कोणाला माझ्याबरोबर यायचे असेल तर सभेनंतर मला भेटावे.